जुन्या लॅपटॉपची खाच



कामगार चळवळीतल्या माणसाने संप, बोनस आणि टाळेबंदी यांखेरीज कशावर बोलू नये, असा आपल्याकडे एक संकेत पडून गेला आहे. तो मोडून मी आज जुन्या लॅपटॉपच्या कडेला असलेल्या एका खाचेवर बोलणार आहे. तीन बोटे रुंदीची ही फट. तीत बहुधा प्लास्टिकचे एक पोकळ कार्ड धूळ अडवण्यापुरते बसवलेले असते, आणि यंत्र माळ्यावर जाईपर्यंत ते कोणी काढूनही पाहत नाही.

ही खाच आली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. १९८९ साली अमेरिकेत, एरवी एकमेकांची गिऱ्हाइके पळवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पीसीएमसीआयए नावाची संघटना काढली. पुढच्याच वर्षी कार्डाचे पहिले प्रमाण ठरले. लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४, म्हणजे आपल्या खिशातल्या एटीएम कार्डाएवढी. कार्डाच्या टोकाला ६८ छिद्रे आणि खाचेच्या तळाशी तितक्याच टाचण्या. कामगारांनी एकजूट केली तर तिला दंडेली म्हणतात, मालकांनी केली तर तिला स्टँडर्ड म्हणतात! असो. पण या एकजुटीचा लाभ गिऱ्हाइकालाही झाला, हे मान्य केले पाहिजे. लॅपटॉप एकाचा, कार्ड दुसऱ्याचे, तरी दोघांचे जमे. कोणी तीत मोडेम घातला, कोणी वायफाय घातले. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉम यांची इंटरनेटची कार्डेही आपल्याकडे याच खाचेत बसत. ती सीडीएमए सेवाच पुढे बंद झाली, म्हणून ती कार्डे आज धडधाकट असूनही मुकी आहेत. ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता जपायची गोष्ट. या कार्डांच्या तीन पिढ्या आहेत आणि पहिल्या दोन दिसायला जुळ्या बहिणी. पहिली १६ बिटांची. दुसरी १९९५ ची, कार्डबस नावाची, ३२ बिटांची आणि पुष्कळ वेगवान. तिच्या टोकाजवळ बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते, तीच तिची ओळख. कार्डबसच्या खाचेत जुने कार्ड चालते. जुन्या खाचेत कार्डबस शिरतच नाही, कारण तिथला वीजदाब तिला सोसणारा नाही, म्हणून कडेची खोबणच वेगळी ठेवली आहे. तिथे जोर करणारा माणूस टाचण्या वाकवून बसतो. तिसरी पिढी २००३ ची एक्सप्रेसकार्ड. तिचे टोक ३४ मिलिमीटरचे, जोडणीचे बिंदू २६, आणि आधीच्या दोघींशी तिचे काही नाते नाही. सीताबर्डीत कार्ड विकत घ्यायला जाल तर लॅपटॉप बरोबर न्या. दुकानदाराच्या ‘चालून जाईल’वर जाऊ नका.

आमच्या कचेरीत कार्डबसची खाच असलेला एक लॅपटॉप आहे. त्यात बंद पडलेल्या कारखान्यांतील हजेरीपत्रकांची छायाचित्रे आहेत. ग्रॅच्युइटीच्या दाव्यात मालक जेव्हा म्हणतो की हा इसम आमच्याकडे नव्हताच, तेव्हा त्यातले एक पान म्हाताऱ्या माणसाच्या हक्काचा पैसा ठरते. यंत्राचे यूएसबी मात्र पहिल्या जमान्याचे, सेकंदाला फार तर १२ मेगाबिट. एक जीबी उतरवायला पाव तास. ‘भंगारात काढा’ असा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही यूएसबी २.० चे कार्ड बसवले. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात तितका मिळत नाही, तरी पाव तासाचे काम मिनिट-दोन मिनिटांवर आले. या कार्डाला जोडलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येईल अशी आशा मात्र धरू नये. यंत्र चालू होते त्या घटकेला बहुधा त्याला कार्डाची ओळखच नसते. शिवाय आमच्या यंत्रात विंडोज एक्सपी आहे, तिची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. म्हणून ते इंटरनेटला जोडत नाही. कार्डाने वेग येतो, सुरक्षितता येत नाही.

हिंगणा, बुटीबोरीसारख्या वसाहतींत सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फानुकच्या अनेक नियंत्रकांना हीच खाच आहे. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घालून कामाचा प्रोग्राम तिथे चढवता येतो. लाखोंचे यंत्र कामाला आहे तोवर ती खाच आणि ते कार्ड ओळखणारा लॅपटॉप, दोन्ही म्हातारे म्हणता येत नाहीत. म्हातारे कोणाला म्हणायचे हे विकणाऱ्याने ठरवावे की वापरणाऱ्याने, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुढे लॅपटॉप सडपातळ झाले, खाच गेली. पुष्कळांत तर मेमरीसुद्धा पाटीवर डाख देऊन पक्की केलेली असते. २०२१ साली फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने बाहेरून बदलता येणाऱ्या कार्डांचा लॅपटॉप पुन्हा आणला, हे नोंदवतो. पण माळ्यावरच्या यंत्राला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी घरी गेल्यावर ते पोकळ कार्ड काढा आणि बॅटरीचा उजेड आत टाकून पाहा. टाचण्यांच्या दोन्ही ओळी सरळ दिसल्या, तर सोनेरी पट्टीचे कार्ड शोधायला हरकत नाही.