वारशानें आलेली गिटार

घरांतील वडीलधारें माणूस गेलें, म्हणजे मागाहून आवराआवर होते आणि माळ्यावरून किंवा पलंगाखालून एखादी लांबट काळी पेटी निघते. अमेरिकेंतील आणि जपानांतील किती तरी घरांत अशा पेटींतून एक पोकळ अंगाची विजेची गिटार बाहेर आली आहे. तारा गंजलेल्या, घोडी निखळून कोपऱ्यांत पडलेली, आणि शिरोभागीं कोणाच्याच ओळखीचें नसलेलें एक नांव! मग घरांत तीन मतें पडतात. एक म्हणतो, विकून टाकावी. दुसरा म्हणतो, घासूनपुसून, नवा रंग देऊन भिंतीवर टांगावी. तिसऱ्याला एवढेंच हवें असतें, कीं आजोबा वाजवीत असत तो सूर पुन्हां एकदां कानीं पडावा. कोणाचें ऐकावें हें ठरविण्यापूर्वीं वाद्य कोणतें आहे हें ओळखलें पाहिजे.

पहिली चूक येथेंच होते. नांव वाचलें कीं कर्ता कळला, असा सर्वांचा समज असतो. परंतु १९६० नंतरच्या दशकांत जपानी कारखाने परदेशी व्यापाऱ्यांसाठीं गिटारी करीत, आणि ज्या व्यापाऱ्यानें माल मागविला त्याला हवें तें नांव शिरोभागीं बसवीत. ‘केंट’ आणि ‘किंग्स्टन’ हीं अशींच व्यापारी नांवें. ‘आयबानेझ’ हें नांव तर मूळचें एका स्पॅनिश कारागिराचें. त्याच्या गिटारी आयात करणाऱ्या नागोया येथील होशिनो या पेढीनें तें पुढें आपल्या मालाला दिलें. तेव्हां नांव हें केवळ अंगावरील वस्त्र होय. कूळ शोधावयाचें तर अंग पाहावें लागतें.

हें कूळ कोठलें असूं शकतें? महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, तोकियो शहरांत पुढें ‘तेइस्को’ या नांवानें गाजलेला उद्योग सुरू झाला. १९६७ सालीं तो कावाई या पियानो करणाऱ्या कंपनीकडे गेला. नागानो प्रांतांतील मात्सुमोतो गांवीं १९५१ सालीं निघालेला मात्सुमोकू हा कारखाना आरंभीं शिवणयंत्रांचीं लांकडी कपाटें करीत असे. तेथील सुतारांचे हात पुढें गिटारीकडे वळले. त्याच गांवीं १९६० सालीं फुजिगेन हा कारखाना उभा राहिला. १९६५ सालीं ‘व्हेंचर्स’ हा अमेरिकन वाद्यवृंद जपानांत आला आणि तरुणांना या वाद्यानें वेड लाविलें. तें इतकें वाढलें, कीं त्याच वर्षीं आशिकागा शहरांत शाळकरी मुलांना विजेची गिटार वाजविण्याची मनाई झाली. आजोबांची गिटार बहुधा याच काळांतील असते.

आतां अंग कसें पाहावें? तबलीवर इंग्रजी ‘एफ्’ अक्षराच्या आकाराचीं दोन भोकें असतात. त्यांतून लहान आरसा आणि दिवा आंत धरावा. आंत सर्वत्र पोकळी दिसली तर वाद्य खरोखर पोकळ. मधोमध लांकडी ठोकळा दिसला तर तें अर्धपोकळ. कधीं आंतच एखादा शिक्का किंवा चिठ्ठी सांपडते. दांडी मागून स्क्रूंनीं बसविलेली आहे कीं सरसानें चिकटविलेली, हें पाहावें. पाठीमागें धातूची पट्टी असल्यास तीवर दांडींत पोलादी सळई असल्याचा आणि माल जपानी असल्याचा लेख पुष्कळदां आढळतो. आयबानेझच्या बहुतेक जपानी गिटारींवर १९७५ नंतरच्या कांहीं वर्षांत अंकांपूर्वीं एक अक्षर असतें. तें महिना दाखवितें आणि पुढील दोन अंक वर्ष सांगतात. त्यापूर्वींच्या पुष्कळ वाद्यांवर क्रमांकच नसतो. अशा वेळीं शिराचा आकार, तारदान, बटणें आणि तारांखालील पिकअप यांचीं छायाचित्रें घेऊन जुन्या विक्रीपत्रकांशीं ताडून पाहावीं. एकाच खुणेवर निकाल देऊं नये. कारण मध्यंतरीं कोणी भाग बदललेले असूं शकतात.

ओळख पटली कीं दुरुस्ती. प्रथम तारा सैल कराव्या आणि पातळ थरांच्या लांकडाचे सांधे तपासावे. सुटलेला सांधा सरसानें बसतो. वांकलेली दांडी मात्र जाणत्या कारागिराकडेच न्यावी. पिकअपमधील तांब्याची तार सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी बारीक असते. मापकयंत्रानें तिचा विरोध कांहीं हजार ओहम दाखविला तर ती शाबूत आहे. कांहींच न दाखविलें तर बहुधा कोठें तरी तुटली आहे. पण तसें झालें तरी पिकअप टाकून देऊं नये. त्यावर तार नव्यानें गुंडाळतां येते. बटणांची खरखर बहुधा सांठलेल्या मळाची असते आणि योग्य द्रावणानें ती जाते. बटणें काढावींच लागलीं तर तीं ‘एफ्’ भोकांतूनच काढावीं लागतात. म्हणून प्रत्येकाच्या दांड्याला आधीं दोरा बांधावा. पुढें त्याच दोऱ्यानें तें ओढून पुन्हां आपल्या जागीं आणतां येतें.

शेवटीं घोडी. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे जागच्या जागीं ठोकलेले असतात. म्हणून सूर जुळवितांना येथें घोडीच सरकवावी लागते. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागीं तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर एक झाले, म्हणजे घोडी ठिकाणावर आली.

आणि रंग? तो तसाच असूं द्यावा. हात टेकून टेकून जेथें तो झिजला आहे, तेथेंच वाजविणाऱ्याची खूण राहिलेली असते. नव्या रंगाखालीं ती कायमची नाहींशी होते. एके काळीं स्वस्त म्हणून हिणविलेल्या तेइस्को गिटारींतील सोनेरी पत्र्याचे पिकअप पुढें राय कूडरसारख्या नामांकित अमेरिकन वादकानें आपल्या गिटारीवर बसविले, आणि त्यांना एकदम मोल आलें. ज्यांनीं तत्पूर्वींच ते उपटून फेंकून दिले होते, त्यांच्या हातीं काय उरलें असेल?

म्हणून वारसानें थोडें करावें, आणि केलेलें लिहून ठेवावें. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक जुना भाग त्याच पेटींत जपावा. मग तिसऱ्याला हवा असलेला सूर ऐकूं येतो, आणि विकावी कीं भिंतीवर टांगावी हा वाद बहुधा त्या सुरांतच विरून जातो.