गीझर, पंप आणि बिनतारी प्लग
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही जन्मभर शाळेत अंकगणित शिकविले. विजेच्या शास्त्रात आमचा अधिकार मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे नाही. तरीही चिटणीसांनी आम्हांस उभे केले, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे घडलेला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता.

आमच्या थोरल्या वहिनी वयाच्या ७८व्या वर्षी सदाशिव पेठेत एकट्या राहतात. पूर्वी घरी तांबट आळीतला बंब होता. निखारे विझले की तो आपसूक थंडावे. गीझरचे तसे नाही. पाणी निवले की तो पुन्हा वीज ओढतो, आणि बटण विसरले तर हे दिवसभर चालते. वहिनी बटण विसरू लागल्या, तेव्हा न्यू जर्सीतील पुतण्याने चार बिनतारी प्लग धाडले. त्यावर बारीक अक्षरांत १२० व्होल्ट असे छापले होते. आपल्या घरांत वीज २३० व्होल्टची. आम्ही ते वाचले नाही. पहिला प्लग चट्‌कन आवाज होऊन जळाला. परदेशातून अशा वस्तू मागविणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. तिकडील झेड-वेव्ह जातीच्या उपकरणांची तर लहरच निराळी, ९०८ मेगाहर्ट्‌झची; आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ चा पट्टा आहे.

मग येथेच १० ॲम्पिअरचा प्लग घेतला. गीझरची मोठी पिन त्यात बसेना, म्हणून आम्ही मध्ये कन्व्हर्टर घातला आणि सगळे लटांबर भिंतीतल्या लहान सॉकेटात खोचले. चौथ्या दिवशी जळका वास आला. सॉकेट वितळून काळे पडले होते आणि वहिनी आत न्हाणीघरात होत्या. ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. गीझर २००० वॅटचा. त्यास २३० ने भागले तर ८.७ ॲम्पिअर येतात. लहान सॉकेट ६ ॲम्पिअरचे! हा भागाकार आम्ही हजारो मुलांकडून करवून घेतला असेल. घरी मात्र केला नाही.

तेव्हा गीझर, इस्त्री वा हीटर यांसाठी १६ ॲम्पिअरचाच प्लग घ्यावा, तो १६ ॲम्पिअरच्याच सॉकेटात, न्हाणीघराबाहेर लावावा, आणि मागील तारेची जाडी वायरमनकडून तपासून घ्यावी. सोसायटीच्या पंपास हा प्लग लावूच नये. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. तेथे काँटॅक्टर हवा, व तो जाणत्याने बसवावा.

दुकानात आणखी तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद पडले तरी प्लगवरील बटण व वेळापत्रक चालते काय? वीज जाऊन आली तर तो बंद राहतो की आपणच सुरू होतो? गीझरसाठी बंदच राहिला पाहिजे. आणि तो कोणत्या वायफायवर चालतो? बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात, आणि पेठेतील जुन्या जाड भिंतींआड तीही लहर क्षीण होते. रंग, बोलून चालविण्याची सोय वगैरेंचा विचार मागाहून केला तरी चालेल.

तिसरा प्लग नीट बसला, पण वेगळेच उपटले. सकाळी सहाला, म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळी साडेसातला, पुतण्या फोनवरून गीझर लावी व बंद करी. एकदा वहिनी डोक्यावरून न्हात असताना पाणी गार झाले. त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, ऊन पाण्यासाठी आता मी अमेरिकेची परवानगी काढू काय?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास २००० वॅटच्या गीझरला सुमारे २१ मिनिटे लागतात व पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज. म्हणून आम्ही प्लगवर पाऊण तासाची मुदत लावली. बटण वहिनीच दाबतात; बंद तो आपोआप होतो. पुतण्याला तिकडे प्लग चालू असल्याची खूण तेवढी दिसते, आणि साडेसहापर्यंत ती दिसली नाही तर तो आईला फोन करतो.