समुद्रस्नान आणि लज्जा

सुट्टीचे दिवस आले कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत नाशिक, पंढरपूर किंवा फार तर महाबळेश्वर येथवर जात. आतां गोवें, बाली, थायलंड आणि ऐपत असल्यास भूमध्य समुद्राचा किनारा येथपर्यंत त्यांची मजल गेली आहे. तिकिटें, परवाने, लोणच्याच्या बरण्या, सर्वांचा विचार बारकाईनें होतो. एका गोष्टीचा मात्र सहसा होत नाहीं, आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवतांच नेमकी तीच गोष्ट सर्व कुटुंबाला गोंधळांत टाकते. पाण्यांत उतरावयाचें तें कोणत्या वेषानें? सून एक म्हणते, सासूबाईंच्या चेहऱ्यावर दुसरेंच दिसतें, बारा वर्षांची नात दोघींकडे पाहत उभी राहते. आणि घरांतील पुरुष अर्धी चड्डी घालून केव्हांच लाटांत शिरलेले असतात. हा प्रसंग हंसून सोडून देतां येईल. परंतु त्याच्या मुळाशीं लज्जेची कल्पना आहे, आणि ती देशोदेशीं किती निराळी व एकाच देशांत काळोकाळीं किती पालटणारी आहे, हें पाहण्यासारखें आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करावा. नग्न होऊन स्नान करूं नये असा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे, आणि भागवताच्या दशम स्कंधांतील वस्त्रहरणाच्या कथेंतही गोपींच्या पदरीं हाच दोष बांधला आहे. असें असूनही काशीच्या किंवा नाशिकच्या घाटावर पहाटे जो देखावा दिसतो, तो परदेशी पाहुण्याला चकित करतो. लंगोट लावलेले पुरुष आणि ओलेत्या लुगड्यांतील स्त्रिया एकाच पायऱ्यांवर स्नान करतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाहीं. ओलें वस्त्र अंगाला चिकटलें म्हणजे तें फारसें झांकतें असें नव्हे. पण तेथें स्नान हें पुण्यकर्म आहे आणि त्या भावनेचाच पडदा सर्वांच्या नजरेवर पडलेला असतो. तीच बाई कळंगुटच्या वाळूवर आली कीं पायघोळ वस्त्रांतही अवघडते. ओचा हातांत धरून गुडघाभर पाण्यांत उभें राहावयाचें आणि मोठी लाट दिसली कीं मागें पळावयाचें, एवढेंच तिच्या समुद्रस्नानाचें स्वरूप. म्हणजे लज्जा कापडाच्या लांबीशीं जितकी बांधलेली आहे, तितकीच जागेशीं, हेतूशीं आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांशींही बांधलेली आहे.

ज्या पाश्चात्त्यांच्या तोकड्या वेषाकडे आपल्याकडील वडील माणसें कपाळाला आठ्या घालून पाहतात, त्यांचे पणजोबा-पणजी कसे स्नान करीत, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील वैद्यांनीं समुद्रस्नान हें औषध म्हणून सांगावयास आरंभ केला. औषध घ्यावयाचें तर समुद्रांत उतरणें आलें, आणि उतरतांना कोणाच्या दृष्टीस पडणें तर शक्य नाहीं. या पेंचांतून स्नानाची गाडी निघाली. चार चाकांवर एक लाकडी खोली, तिला पुढें घोडा जुंपलेला. स्त्रीनें आंत शिरून दार लावावें, वस्त्रें बदलावींत, तोंवर घोड्यानें गाडी पाण्यांत ओढून न्यावी आणि मग समुद्राकडील दारानें पायऱ्या उतरून तिनें पाण्यांत पाऊल ठेवावें. पुष्कळ गाड्यांना त्या दारावर कापडाची कमान बसविलेली असे, म्हणजे उतरणारी बाई आकाशालाही दिसूं नये! तिला धरून पाण्यांत बुचकळून काढण्यासाठीं धट्ट्याकट्ट्या बायका नेमलेल्या असत. ब्रायटनची मार्था गन ही या धंद्यांत इतकी नांवाजली कीं राजपुत्रांपासून सर्वांना तिचें नांव ठाऊक होतें. खुद्द व्हिक्टोरिया राणीनें १८४७ सालीं ऑस्बोर्न येथें अशाच गाडींतून आपलें पहिलें समुद्रस्नान केलें. तें तिला आवडलें. डोकें पाण्याखालीं गेलें तेव्हां मात्र गुदमरल्यासारखें झालें, असें तिनें आपल्या दैनंदिनींत लिहून ठेवलें आहे.

विशेष हें कीं याच काळांत इंग्रज पुरुष बिनदिक्कत नग्न पोहत असत. पुढें त्यांनाही चड्डीची सक्ती झाली, तेव्हां कित्येकांना ती जाचक वाटली. फ्रान्सिस किल्वर्ट नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १८७४ सालच्या आपल्या दैनंदिनींत या नव्या चालीविषयीं स्पष्ट नाराजी दाखविली आहे. धर्मोपदेशकाला चड्डी नको आणि बाईला मात्र चाकांवरची खोली हवी, ही व्यवस्था त्या समाजाला अगदीं स्वाभाविक वाटत होती.

स्त्रियांचा स्नानाचा वेषही तसाच. फलाणीचा किंवा लोकरीचा पायघोळ झगा, आंत विजार. आणि पाण्यांत झगा वर तरंगूं नये म्हणून त्याच्या कडेला वजनें शिवलेलीं. अशा वेषांत बुचकळतां येतें, पोहतां येत नाहीं. आणि जिला पोहण्याची मोकळीकच नाहीं ती पोहावयास शिकणार कोठून? याची किंमत लहान नव्हती. १५ जून १९०४ रोजीं न्यूयॉर्कच्या ईस्ट नदींत जनरल स्लोकम नांवाच्या आगबोटीला आग लागली. एका चर्चच्या वार्षिक सहलीस निघालेलीं कुटुंबें तींत होतीं; कामाचा दिवस असल्यामुळें बहुतेक बायका आणि मुलेंच. हजाराहून अधिक माणसें मेलीं, आणि किनारा कांहीं फार दूर नव्हता. बोटीवरील प्राणरक्षक पट्टे कुजलेले होते, हा अक्षम्य गुन्हा तर खराच. परंतु उडी टाकलेल्या बायकांना पोहतां येत नव्हतें आणि भिजून जड झालेले लोकरीचे कपडे त्यांना तळाकडे ओढीत होते, हेंही तितकेंच खरें.

ही गोष्ट केवळ परक्यांची समजूं नये. २००४ सालच्या डिसेंबरांत त्सुनामीची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली, तेव्हां कडलूर जिल्ह्यांत स्त्रियांचे बळी पुरुषांच्या दुपटीहून अधिक पडले. त्याचीं कारणें अनेक होतीं. त्या वेळीं स्त्रिया किनाऱ्यालगत होत्या, लेंकरें त्यांच्या कडेवर होतीं. पण त्यांना पोहावयास कोणी शिकविलें नव्हतें आणि लुगड्यांत धांवणें वा झाडावर चढणें कठीण होतें, हींही कारणें त्या अनेकांत आहेत.

पुढील इतिहास लवकर सांगतां येतो. १९२२ सालीं अमेरिकेच्या राजधानींत सरकारी अंमलदार फीत घेऊन पोहणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यापासून कापडाच्या कडेपर्यंतचें अंतर मोजीत. सहा इंचांहून अधिक भरल्यास नियमभंग. पुरुषांच्या उघड्या छातीवरही त्या देशांत अनेक किनाऱ्यांवर १९३० नंतरच्या दशकापर्यंत बंदी होती. मग ५ जुलै १९४६ रोजीं लुई रेआर यानें पॅरिसच्या एका तलावावर दोन तुकड्यांचा पोशाख दाखविला आणि चारच दिवसांपूर्वीं जेथें अणुबाँबचा प्रयोग झाला होता त्या बेटाचें नांव, बिकिनी, त्याला ठेवलें. नेहमींच्या पोशाख-प्रदर्शनांतील मुलींनीं तो घालण्यास नकार दिल्यामुळें एका नर्तकीला पुढें यावें लागलें. पॅरिससारख्या शहरांत हें घडलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जपानांत तर सर्वच चित्र उलटें दिसतें. तेथील उष्णोदकाच्या कुंडांत, ज्यांना ते लोक ओन्सेन म्हणतात, स्नानाचा पोशाख घालून उतरणें हाच असभ्यपणा. आधीं बाहेर बसून साबणानें अंग स्वच्छ धुवावयाचें आणि मग विवस्त्र होऊन कुंडांत शिरावयाचें. हातांतला लहानसा पंचाही पाण्याला लागतां कामा नये. १८५४ सालीं अमेरिकन नौसेनापति पेरी याचे लोक शिमोदा बंदरांत उतरले, तेव्हां स्त्रीपुरुषांना एकाच स्नानगृहांत पाहून त्यांनीं नाकें मुरडलीं. परकीय काय म्हणतील या चिंतेनें १८७२ सालीं टोकियोंत अशा एकत्र स्नानास बंदी झाली. आज बहुतेक ठिकाणीं स्त्रियांचें व पुरुषांचें कुंड वेगळें असतें. आपल्याकडील एखादें कुटुंब तेथें गेलें म्हणजे गोव्यांत सुनेच्या पोशाखाविषयीं कुरकुरणाऱ्या सासूबाईंना हातांत एवढासा पंचा घेऊन सुनेसह त्या दाराशीं उभें राहावें लागतें. कित्येक जणी तेथूनच परततात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्या आंत जातात त्यांना थोड्याच वेळांत कळतें कीं त्यांच्याकडे तेथें कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. फिनलंडांतील सौनाचीही हीच रीत, आणि जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर तर विवस्त्र स्नान करणारीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या तेथें सुट्टी घालवीत आलीं आहेत.

या सर्वांत अत्यंत बोधप्रद प्रकरण फ्रान्सचें. २००४ सालीं ऑस्ट्रेलियांत अहेदा झनेटी या लेबनॉनमध्यें जन्मलेल्या बाईनें मुसलमान मुलींसाठीं सर्वांग झांकणारा पण हलका आणि पोहतां येईल असा पोशाख तयार केला. त्यालाच बुर्किनी म्हणतात. हेतु हा कीं ज्या मुली संकोचामुळें किनाऱ्यावरच बसून राहत, त्यांना पाण्यांत जातां यावें. २०१६ सालच्या १४ जुलै रोजीं नीस शहरांत एका माथेफिरूनें गर्दीवर मालमोटार घालून ८६ जीव घेतले. त्या दुःखाच्या आणि संतापाच्या भरांत दक्षिण फ्रान्समधील सुमारें तीस नगरांनीं या पोशाखावर बंदी घातली. ऑगस्टमध्यें नीसच्याच किनाऱ्यावर शस्त्रधारी पोलिसांच्या वेढ्यांत एक स्त्री आपला अंगरखा उतरवीत आहे, असें छायाचित्र जगभर छापलें गेलें. २६ ऑगस्ट रोजीं तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनानें व्हिलनव-लूबे या नगराची बंदी स्थगित केली. नागरिकांचें मूलभूत स्वातंत्र्य केवळ लोकक्षोभाच्या भयानें हिरावतां येत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. सार्वजनिक तलावांची गोष्ट मात्र वेगळी ठरली. २०२२ सालीं ग्रनोबल शहरानें तलावांत हा पोशाख चालेल असा नियम केला, तो त्याच न्यायासनानें टिकूं दिला नाहीं. फ्रान्सच्या तलावांत पुरुषांना सैल अर्धी चड्डीही चालत नाहीं. स्वच्छतेच्या कारणास्तव ती अंगाबरोबरच हवी. आपल्याकडून जाणाऱ्या गृहस्थांना हें तेथील पाटी वाचूनच समजतें.

सुमारें शंभर वर्षांपूर्वीं कापड कमी पडलें म्हणून स्त्रीला हटकणारा अंमलदार आणि कापड जास्त झालें म्हणून तिला हटकणारा शिपाई, यांत वास्तविक फरक किती? दोघांच्याही मतें तिच्या वेषाचा निर्णय तिच्याकडे नाहीं. यांत आणखी एक गंमत आहे. नायजेला लॉसन ही पाककृतींवर लिहिणारी इंग्रज लेखिका २०११ सालीं सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर हाच पोशाख घालून उतरली होती, उन्हापासून कांति जपण्यासाठीं. वर्तमानपत्रांनीं थोडी थट्टा केली. कोणी शिपाई धाडला नाहीं.

आपल्याकडे शिपायाचें काम पुष्कळदां नजर करते, आणि हल्लीं तिच्या जोडीला हातांतील छायाचित्रयंत्रही असतें. पोशाख तोकडा दिसला कीं जणूं परवानगी मिळाली, अशा समजुतीनें परक्या स्त्रियांचीं चित्रें काढणाऱ्या टोळक्यांमुळें गोव्याच्या पर्यटन खात्याला २०२३ च्या जानेवारींत सूचनापत्र काढावें लागलें. विशेषतः ऊन खात असलेल्या वा पोहत असलेल्या पर्यटकांचीं चित्रें त्यांच्या अनुमतीवांचून घेऊं नयेत, असें त्यांत म्हटलें आहे. सुशिक्षित म्हणविणाऱ्यांना हें सरकारी पत्रानें शिकवावें लागावें, ही शरमेची गोष्ट होय. ज्या किनाऱ्यावर असे डोळे फिरत आहेत तेथें आपल्या नातीनें अंगभर वस्त्र घालावें असें आजीला वाटलें, तर तिला जुनाट म्हणून हिणवूं नये. ती कापडाला घाबरत नाहीं, डोळ्यांना घाबरते. परंतु त्या भीतीपायीं नातीचें पोहणेंच बंद करणें, हा मात्र उलटा न्याय होईल. पूर्वी खेड्यांतून पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुलांना विहिरींत सोडीत; परकर खोचून मुलीही उतरत, पण वय वाढूं लागलें कीं त्यांचें पाणी तुटे. शहरांतही ती रीत अजून पुरती गेलेली नाहीं. मुंबईची डॉली नाझीर आणि कलकत्त्याची आरती साहा या १९५२ सालीं हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्यें पोहल्या, आणि आरतीनें १९५९ सालीं इंग्लिश खाडी पार केली. त्यांच्या घरीं वयाच्या बाराव्या वर्षीं पोहण्याचा पोशाख दडवून ठेवला असता, तर हीं नांवें आज कोणाच्या कानांवर आलीं नसतीं.

सुदैवानें आतां मार्ग पुष्कळ आहेत. गुडघ्यापर्यंतचे, घोट्यापर्यंतचे, पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे पोशाख मुंबई-पुण्याच्या दुकानांत सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठीं मिळतात. हॉटेलांच्या तलावांवर जी पाटी असते तीही बहुधा कापडाच्या जातीविषयीं असते, लांबीविषयीं नव्हे: सुती कपडे घालून पाण्यांत उतरूं नये. सुताचे तंतू गाळणयंत्रांत अडकतात आणि भिजलेलें सूत जड होतें, म्हणून हा नियम. प्रवासाला निघण्यापूर्वींच घरांत बसून प्रत्येकीनें आपल्या पसंतीचा पोशाख ठरवावा, मापाचा घ्यावा, आणि आजीसाठींही एक घ्यावयास विसरूं नये. तलावाच्या उथळ बाजूला पाणी कमरेइतकेंच असतें, आणि कडेला धरावयास दांडी असते.