वाळूत बसलेली माणसं
(घाटकोपरच्या अभ्यासवर्गातलं भाषण)



मी मॅट्रिक. चित्रकलेवर बोलायचा परवाना माझ्याकडे नाही. गोदीत गोणी वाहणाऱ्यानं फ्रेंच चित्रावर बोलावं, ही कुणाला मस्करी वाटेल. वाटू द्या. ही छापील प्रत हातोहात फिरवा, मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या.

चित्र क्लोद मोनेचं. 1870 चा उन्हाळा, फ्रान्समधला त्रूव्हीलचा किनारा. दोन बाया खुर्च्यांवर बसल्यात. एक पांढऱ्या कपड्यात, छत्री धरलेली. दुसरी काळ्या कपड्यात. मधली खुर्ची रिकामी. मागं थोडी माणसं, वर ढगाळ आभाळ. बस, खलास. आकार सव्वा फूट बाय दीड फूट. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे, आणि त्याच्या रंगात वाळूचे कण चिकटलेले सापडलेत. म्हणजे पठ्ठ्या बंद खोलीत नव्हे, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात रंगवत होता. याला आपले पंडित दृक्प्रत्ययवाद म्हणतात. शब्द गोणीपेक्षा जड, अर्थ सोपा. त्या क्षणी डोळ्याला उजेड कसा दिसला, तो तसा रंगवायचा.

पण कुणाच्या डोळ्याला? त्या खुर्च्या वाळूपर्यंत कुणी वाहिल्या? तो पांढरा झगा कुणी धुतला? त्रूव्हील मूळचं कोळ्यांचं गाव. 1863 ला रेल्वे आली आणि पॅरिसचे पैसेवाले हवा खायला उतरू लागले. आपलं जुहू, वर्सोवा डोळ्यापुढं आणा. मडमबाई समुद्राकडं पाठ करून फोटो काढते, आणि फोटोच्या चौकटीबाहेर तिचं पोर कडेवर घेऊन आपली बाई उभी असते.

मोनेचा गुरू यूजेन बूदँ. खलाशाचा पोरगा, लहानपणी बोटीवर राबलेला. त्रूव्हीलच्या बड्या लोकांची चित्रं काढून त्याचं नाव झालं. 1867 ला तो महिनाभर ब्रिटनीत, कष्टकरी माणसांत राहून परतला आणि मित्राला लिहून मोकळा झाला की आता हा किनारा म्हणजे सोंगांचा बाजार वाटतो, या ऐतखाऊंना रंगवायची लाज वाटते. तरी किनारा रंगवणं त्यानं सोडलं नाही. मी त्याला शिव्या देणार नाही. पोटाची गोष्ट आपल्याला कुणी समजावायला नको.

इथं थांबलो तर भाषण सोपं आहे. बूर्झ्वा चित्र आहे, फाडा, टाळ्या वाजवा. मला ते पटत नाही.

कारण याच मोनेनं 1875 ला कोळसा उतरवणारे हमाल रंगवले. पॅरिसजवळ आस्निएरला, सेन नदीवर. होड्यांपासून धक्क्यापर्यंत लांब फळ्या टाकल्यात. एका फळीवरून भरल्या टोपल्यांची रांग चढते, दुसरीवरून रिकाम्यांची उतरते. माणसं काळी, वाकलेली, सारखी. फळी पायाखाली कशी लवते हे मला ठाऊक आहे. मोनेला ते दिसलं होतं. पण हमाल त्याला दिसला तो फळीवर. छत्रीखाली, खुर्चीवर त्यानं हमाल बसवला नाही.

आता आपल्याकडं बघा. आपल्या कवितेत माय शेण गोळा करते, बाप ढोर ओढतो, भाऊ गटारात उतरतो. खरं आहे, लिहिलंच पाहिजे. पण माझी आई एकदा जुहूच्या पाण्यात लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पोरीसारखी खिदळली होती. तिला कोण लिहिणार? आपण फक्त ओझ्याखालीच खरे, असं प्रस्थापितांचं म्हणणं आपण कधी कबूल केलं?

त्याच आस्निएरला जॉर्ज स्यूरा नावाच्या 24 वर्षांच्या पोरानं 1884 ला एक चित्र पुरं केलं. तिथं समुद्र नाही, नदी आहे. काठावर साधी माणसं बसलीत, पोरं पाण्यात उतरलीत. कपडे, बूट बाजूला टाकलेत, एक गडी टोपी घालून आडवा झालाय. मागं कारखान्यांची धुराडी. आणि आकार? दोन मीटर बाय तीन मीटर. एवढा कॅनव्हास तोवर राजे आणि देव यांच्यासाठी राखीव असायचा. सरकारी प्रदर्शनानं चित्र नाकारलं.

त्याच 1884 साली मुंबईत जोतिरावांचे सत्यशोधक साथी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना गोळा करून रविवारची सुट्टी मागत होते. ती मिळाली 10 जून 1890 ला. फ्रान्समध्ये आठवडी सुट्टीचा कायदा 1906 चा. म्हणजे गिरणगावचा रविवार त्यांच्या आधीचा! पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1946 ला, कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. फुरसत ही मागून, भांडून घेतलेली चीज आहे. ती मडमबाईच्या बापाची नाही.

तेव्हा हे चित्र फाडू नका. त्यातली मधली रिकामी खुर्ची मला फार वेळ दिसत राहते.

येत्या रविवारी पाळी नाही. घाटकोपरहून मेट्रो 2014 पासून थेट वर्सोव्याला जाते. चारला स्टेशनच्या जिन्यापाशी जमा. आयांना, बहिणींना आणा. ज्याला काढता येतं त्यानं कागद आणि रंगखडू घ्यावेत. भेळेचे पैसे वर्गणीतून.