छोट्या विमानाचे उड्डाण : शिकवण्याचा क्रम

(इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम येथील शिक्षक मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय आपणांपैकी कित्येकांस शाळेच्या चौकटीबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. रेडिओ-नियंत्रणावर उडणारी छोटी विमाने आता शहरातील दुकानांपुरती राहिलेली नाहीत. नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला मामा दिवाळीत भाच्यासाठी असे विमान आणतो आणि सुटी संपताच ते शाळेच्या पटांगणावर येते. अशा वेळी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात : विमान घरी परत पाठवणे, किंवा ते कसे उडवावे हे क्रमाने शिकवणे. पहिला मार्ग सोपा खरा. परंतु त्याने उड्डाण थांबत नाही. ते आपल्या दृष्टीआड, विजेच्या तारांजवळ आणि कठडा नसलेल्या विहिरींच्या शेजारी सुरू होते. म्हणून दुसरा मार्ग आपण अंगीकारावा, अशी माझी विनंती आहे.

विमानाच्या प्रतिकृतीस केवळ खेळणे समजणे योग्य नव्हे. फ्रान्समधील आल्फाँस पेनो याने १८७१ साली पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे छोटे विमान पॅरिस येथे उडवून दाखवले. राइट बंधूंना बालपणी त्यांच्या वडिलांनी रबरावर उडणारे एक खेळणे आणून दिले होते, आणि उड्डाणाविषयीच्या आपल्या कुतूहलाचा उगम ते त्या खेळण्यात सांगत. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी इंजिनाच्या साहाय्याने पहिले उड्डाण केले, ते १२ सेकंदांचे होते. तत्पूर्वी १९०२ सालच्या शरद ऋतूत त्यांनी इंजिन नसलेल्या विमानातून वाळूच्या टेकडीवरून शेकडो वेळा तरंगत उतरण्याचा अभ्यास केला होता. आधी तोल, मग शक्ती, हा त्यांचा क्रम होता. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० साली सुरू झाली. तिच्या छात्रांना विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचे व उडवण्याचे शिक्षण दिले जाते. तेव्हा हा विषय शिक्षणाच्या कक्षेतीलच आहे.

आपणही तोच क्रम धरावा. पहिला पाठ जाड पुठ्ठ्याच्या विमानाचा असावा. त्यास काही खर्च नाही. पुढे वजन नसेल तर असे विमान नाक वर करते, क्षणभर थबकते आणि कोसळते. नाकाशी चिकणमातीची लहान गोळी लावताच ते सरळ तरंगू लागते. बहुतेक साध्या विमानांचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर असावा लागतो, ही गोष्ट मुलास व्याख्येवाचून हाताने कळते. नाक फार वर गेले की वेग मंदावतो, पंखावरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमान पडते, हेही त्यास येथेच समजते. पुढे मोठ्या विमानात हाच धडा उपयोगी पडतो.

दुसरा पाठ विमानाच्या निवडीचा. नवशिक्यासाठी पंख धडाच्या वर बसवलेले, पंखांची टोके किंचित उचललेली, हलके व सावकाश उडणारे विमान घ्यावे. असे विमान एका अंगास कलले तरी आपण होऊन सरळ होऊ पाहते. लढाऊ विमानासारखी दिसणारी प्रतिकृती मुलांस आवडते. परंतु ती वेगाने जाते आणि शिकणाऱ्यास विचार करण्यास अवधी देत नाही.

तिसरा पाठ जमिनीवरचा आहे, आणि तो पूर्ण झाल्यावाचून चौथ्याकडे जाऊ नये. प्रथम मुले ज्यास रिमोट म्हणतात तो नियंत्रक चालू करावा, वेगाची दांडी शून्यावर आहे हे पाहावे आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढावी आणि नियंत्रक शेवटी बंद करावा. हा क्रम उलटला तर विमान काही काळ आज्ञेवाचून राहते आणि पंखा अवचित फिरू शकतो. बॅटरी जोडली की पंखा फिरत नसला तरी तो फिरत आहे असेच समजून वागावे. त्याच्या समोर किंवा पात्यांच्या रेषेत कोणाचेही बोट व डोळा येता कामा नये. नंतर दांडी उजवीकडे नेल्यास उजव्या पंखाची झडप वर जाते ना, हे तपासावे. उलट जोडलेली झडप जमिनीवर एका नजरेत सापडते. हवेत ती सापडेपर्यंत विमान राहत नाही.

आता जागेविषयी. सोयाबीन निघालेले किंवा हरभरा काढलेले मोकळे शेत, मालकाच्या संमतीने, उत्तम. तेथे विजेच्या तारा, रस्ता, विहीर आणि चरणारी जनावरे जवळ नसावीत. सकाळची वेळ बरी. झाडाची लहान डहाळी सतत हलत असेल तर नवशिक्याने त्या दिवशी उड्डाण करू नये. उडवणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. सर्व मुले त्याच्या मागे एका रेषेत बसावीत आणि विमान त्या रेषेच्या मागे कधीही येऊ नये.

विमान वाऱ्याच्या दिशेस सामोरे ठेवून सोडावे. सुरक्षित उंची गाठल्यावाचून वळवू नये, कारण उंची म्हणजे चूक सुधारण्यास मिळणारा अवधी होय. दांडी अलगद हलवावी. सर्वांत मोठी अडचण विमान आपल्याकडे येऊ लागले की येते : तेव्हा त्याचे डावे-उजवे आपल्यास उलट दिसते. अशा वेळी जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी. जणू खचलेल्या पंखास टेकू देत आहोत. दोन नियंत्रक जोडून शिकवण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. विद्यार्थी उडवतो, आणि प्रसंग पडताच शिक्षक एका कळीने सूत्रे आपल्या हाती घेतो. यापरते चांगले अध्यापन दुसरे कोणते?

बॅटरीविषयी एक सूचना. लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी फुगली असल्यास किंवा आदळली असल्यास वापरू नये. ती कोणी जवळ नसताना किंवा रात्री झोपताना भारण्यास लावू नये. कुटार, कडबा, कापूस यांच्याजवळ तर मुळीच नाही.

कायद्याकडेही दुर्लक्ष करू नये. भारत सरकारचे ड्रोन नियम २०२१ मानवरहित विमानांनाही लागू होतात. डिजिटल स्काय या नकाशावर हिरवे, पिवळे व लाल असे विभाग दाखवलेले आहेत. हिरव्या विभागातही १२० मीटरची मर्यादा आहे. नियम बदलत असतात, म्हणून वजन, नोंदणी व जागा यांविषयीच्या चालू अटी प्रत्यक्ष पाहूनच पुढे जावे. विमान नेहमी डोळ्यांस दिसत राहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यासारख्या क्षेत्रात हा प्रयोग करण्याचा विचारही करू नये.

शेवटी मुख्य गोष्ट सांगतो. विमान पडल्याने मूल क्वचितच जखमी होते. धोका असतो तो पडलेल्या विमानामागे धावण्यात. नजर आकाशात आणि पाय विहिरीकडे, अशी मुलाची अवस्था होते. म्हणून पहिल्या दिवशीच मुलांकडून वदवून घ्यावे : विमान पडले तर कोणी धावायचे नाही, गुरुजींनी सांगितल्यावर दोघांनी चालत जायचे. ते तारेवर अडकले तर बांबू लावायचा नाही, वीज कर्मचाऱ्यांस कळवायचे. विहिरीत पडले तर ते गेले असे समजायचे. विमान पुन्हा मिळते.

हे वाक्य मुलास मनापासून पटावे यासाठी त्याचे विमान तुटले असता आपण रागावता कामा नये. ज्यास बोलणी बसण्याची भीती असते, तेच मूल तारेखाली काठी घेऊन उभे राहते. या महिन्यात प्रत्येक शाळेने निदान पुठ्ठ्याच्या विमानाचा पाठ घ्यावा आणि त्याची नोंद पुढील बैठकीत आणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.