भट्टी, कोसा आणि शिवण : पुरुषांच्या पोशाखाचे अर्थकारण

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय वस्त्रोद्योगाचा अभ्यास कापसापासून सुरू होतो आणि बहुधा कापडापाशी संपतो. सूतगिरण्या, यंत्रमाग, हातमाग, निर्यात या प्रकरणांची उजळणी होते. परंतु कापडाला कात्री लागल्यानंतर काय घडते, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. त्यातही हातमागाची चर्चा म्हणजे साडीची चर्चा, असे समीकरण रूढ झालेले आहे. पुरुषांचा अंगरखा, बंडी, जाकीट, कामाचा सदरा आणि विजार यांना जणू काही इतिहासही नाही आणि अर्थशास्त्रही नाही. वस्तुतः ऋतुमानाला साजेसा, कामाच्या गरजेतून घडलेला आणि परंपरेचा आधार असलेला पुरुषी पोशाख हा आज जगभरात मागणी असलेला माल आहे. त्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व घटक भिलाईच्या आसपास उपलब्ध असताना त्यांची साखळी मात्र शिवणीपाशी तुटते. ही साखळी कोठे आणि का तुटते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

भिलाई हे नाव प्रथम पोलादाचे आहे. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा हा प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर येथे तयार झालेल्या रुळांवरून देशाची रेल्वे धावू लागली, हे सर्वश्रुत आहे. त्या भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असावे, हा प्रश्न मात्र तितकाच जुना असूनही दुर्लक्षित आहे.

वितळलेल्या लोखंडाचे तापमान १४०० ते १५०० अंश सेल्सिअस असते. अशा ठिकाणी ठिणगी उडणे ही नित्याची बाब होय. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून भाजण्याची जखम अधिक खोल करतो. सुती कापड वितळत नाही. ते करपते किंवा पेटते, म्हणून त्यावर ज्वालारोधक प्रक्रिया करावी लागते. लोकर तर साडेपाचशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पेट घेत नाही आणि ज्योत दूर होताच बहुधा विझते. जगभरातील पोलाद कामगार पिढ्यान् पिढ्या जाड लोकरी किंवा सुती डगला वापरत आले, त्याचे कारण हेच. रोजच्या वापरात स्वस्त आणि टिकाऊ ठरलेले टेरिकॉट भट्टीपुढे घातक ठरते. यंत्राजवळच्या पोशाखाचा विचार कायद्यानेही केला होता. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ नुसार चालू यंत्राची तपासणी, वंगण देणे यांसारखी कामे प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावयाची होती आणि ते कपडे मालकाने पुरवावयाचे होते. (हा कायदा आता २०२० च्या व्यवसायसुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला आहे.) कपडा ही येथे हौसेची बाब नसून सुरक्षासाधन आहे.

कामाच्या गरजेतून निर्माण झालेला कपडा कालांतराने सर्वांचा कसा होतो, याची उदाहरणे उद्बोधक आहेत आणि त्यांपैकी एक तर खास महाराष्ट्रातील आहे. मुंबईच्या किल्ल्याजवळील डोंगरी या वस्तीत विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या नोंदींत ‘डुंगरी’ म्हणून आढळते. जहाजांवरील खलाशांचे आणि मजुरांचे कपडे त्यापासून शिवले जात. इंग्रजीतील ‘डंगरी’ हा शब्द त्यावरूनच आला. अमेरिकेत नेवाडा प्रांतातील रिनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने मजुरांच्या विजारीचे खिसे वारंवार उसवतात हे पाहून खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिबीट ठोकले. त्याचे पेटंट लेव्ही स्ट्रॉस यांच्या भागीदारीत २० मे १८७३ रोजी मिळाले, आणि जीन्सचा जन्म झाला. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पथकाने धुळीत मिसळून जाणारा खाकी रंग स्वीकारला. पुढे तो पोलिसांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांच्या अंगावर चढला. या तिन्ही बाबतींत सौंदर्याचा विचार नंतर आला. आधी होता तो घाम, धूळ आणि उसवणारा खिसा.

या प्रदेशातील देशी पोशाखही याच कसोटीला उतरलेला आहे. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, जूनअखेरीस पावसाला प्रारंभ होतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. छत्तीसगढच्या शेतकऱ्याचा सलूखा सैल, आखूड आणि सुती असतो. खांद्यावरचा गमछा उन्हात डोक्याला, घामाला आणि प्रसंगी शिदोरी बांधायला उपयोगी पडतो. पावसात गुराख्याच्या डोक्यावर बांबूची खुमरी असते. विदर्भातील खिसेवाली बंडी, पश्चिम महाराष्ट्रातील बंदांनी बांधायची बाराबंदी आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीची, पाऊस अंगावर निथळू देणारी घोंगडी ही त्याच कुळातील वस्त्रे होत. बंडीला बाह्या नसतात, कारण नांगर धरणाऱ्याचे हात मोकळे राहावे लागतात. जाकीट म्हणून शहरात मिरवणारा प्रकार मुळात हाच आहे.

आता कोसा. भिलाईहून रेल्वेने बिलासपूरच्या दिशेने निघाले की सुमारे २०० किलोमीटरवर चांपा लागते. जांजगीर-चांपा जिल्ह्यातील हे गाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामासाठी प्रसिद्ध आहे. टसरचा किडा तुतीवर वाढत नाही. अर्जुन, साल आणि ऐन (छत्तीसगढीत साजा) या रानातील झाडांवर तो उघड्यावर पोसला जातो. त्यामुळे हे रेशीम वनवासी कुटुंबांच्या उत्पन्नाशी जोडलेले आहे. याच व्यवसायाची दुसरी टोके महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत सापडतात. तेथे ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या टसरचे कोष पिकवीत आला आहे. तुतीचे, टसर, एरी आणि मुगा असे चारही प्रकारचे नैसर्गिक रेशीम उत्पादन करणारा भारत हा एकमेव देश आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच.

कोशाचा धागा मधासारख्या रंगाचा, किंचित खरबरीत आणि कमी-अधिक जाडीचा असतो. त्याला तुतीच्या रेशमाची झळाळी नाही. पुरुषांच्या जाकिटासाठी हाच त्याचा गुण ठरतो. कापडाला अंग असते, ते चुरगळले तरी बेंगरूळ दिसत नाही, हवा खेळती राहते आणि हिवाळ्याच्या सौम्य थंडीत अस्तर लावून ते पुरेसे उबदारही होते. तथापि अडचणीही याच धाग्यातून निर्माण होतात. कोशाची रंगछटा किड्याच्या खाद्यवृक्षानुसार आणि हंगामानुसार बदलते. साडीत हा फरक खपून जातो. परंतु एकाच मापाची पन्नास जाकिटे शिवायची झाल्यास उजवी बाजू एका छटेची आणि डावी दुसऱ्या, असा प्रकार होऊ शकतो. त्यासाठी सुताची प्रतवारी विणकामापूर्वीच करावी लागते.

सूत काढण्याच्या पद्धतीचा प्रश्न याहून गंभीर होता. स्त्रिया कोषातून तंतू ओढून मांडीवर वळीत. या कामात कातडी सोलवटे, मोबदला अत्यल्प मिळे आणि सूतही एकसारखे निघत नसे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या तंत्रसंशोधन संस्थेने चांपा येथीलच एका उद्योजकाच्या सहकार्याने ‘बुनियाद’ हे सूतकताई यंत्र विकसित केले आणि मांडीवरील कताई बंद करण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने जाहीर केले. कपड्याचा दर्जा आणि कष्टकरी स्त्रीचे आरोग्य या दोन गोष्टी परस्परांशी किती जोडलेल्या असतात, ते येथे स्पष्ट दिसते.

सूत आणि कापड यांच्यानंतर शिवण येते. चांगला कपडा ओळखण्याची जागा बाहेरची नसून आतली आहे. कपडा उलटा केला की शिवणीलगत शिंप्याने सोडलेले जादा कापड दिसते. मराठीत त्याला ‘माया’ असा सुंदर शब्द आहे. माया भरपूर असेल तर अंग भरल्यावर कपडा सैल करता येतो, उसवला तर पुन्हा शिवता येतो. घाऊक उत्पादनात कापड वाचविण्यासाठी सर्वांत आधी माया कमी केली जाते. काखेखाली चौबगला आहे काय, ताण पडणाऱ्या शिवणी दुमडून दुहेरी टीप मारलेली आहे काय, खिशाच्या टोकांना बळकटी दिली आहे काय, काजे घट्ट विणलेली आहेत काय, हे पाहिले म्हणजे पोशाखाचे आयुष्य सांगता येते. भट्टीवरच्या कामगाराच्या डगल्याला आणि कोशाच्या जाकिटाला या बाबतीत एकच नियम लागू पडतो.

येथपर्यंत सर्व साहित्य हाताशी आहे. मग साखळी तुटते कोठे? पहिले उत्तर मोबदल्याच्या पद्धतीत आहे. हातमाग विणकराला मजुरी सामान्यतः मीटरवर किंवा नगावर मिळते. कापड ठाण म्हणून गावाबाहेर गेले की पुढील कापणी, शिवण आणि विक्री यांतील मूल्यवर्धन इतरत्र होते. दुसरे उत्तर धोरणात आहे. हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) अधिनियम, १९८५ अन्वये ११ प्रकारचे कापड हातमागासाठी राखीव आहे. त्यात साडी, धोतर, लुंगी, गमछा, घोंगडी यांसारखी वस्त्रे येतात; म्हणजे संरक्षण प्रामुख्याने न शिवलेल्या वस्त्रांना आहे. कात्री लागली की ते संपते.

कररचनाही याच दिशेने झुकलेली दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के, तर त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के कर आहे. रेशमी कापड आणि साडी यांवर, किंमत कितीही असो, ५ टक्केच. परिणाम साध्या गणिताने कळतो. २४०० रुपयांचा सदरा करासह २५२० रुपयांना पडतो. २६०० रुपयांचे जाकीट ३०६८ रुपयांना. मूळ किमतीतील २०० रुपयांचा फरक ग्राहकापर्यंत पोहोचताना ५४८ रुपयांचा होतो. महाग कपडा म्हणजे चैनीचा कपडा, हे गृहीतक त्यामागे असावे. हाताने विणलेल्या कोशाचे, अस्तर लावलेले, दहा वर्षे टिकणारे जाकीट २५०० रुपयांत बसविणे मात्र जवळजवळ अशक्य आहे, आणि त्या किमतीतील मोठा वाटा मजुरीचा असतो. मर्यादा ठरविताना हातमागाच्या शिवलेल्या कपड्यांचा स्वतंत्र विचार होणे न्याय्य ठरेल.

तिसरी अडचण मापांची. भारतीय तयार कपडे दीर्घकाळ ब्रिटिश व अमेरिकी मापतक्त्यांवर शिवले गेले. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘इंडियासाइज’ प्रकल्पात २५ हजारांहून अधिक व्यक्तींची त्रिमितीय मापे घेण्याची योजना होती. त्यासाठी निवडलेली शहरे सहा : नवी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग. मध्य भारतातील एकही शहर त्यात नव्हते, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

तरीही छत्तीसगढकडे एक जमेची बाजू आहे. राज्यात शासकीय शाळांच्या गणवेशाचे कापड विणकर सहकारी संस्थांकडून विणून घ्यावयाचे आणि ते महिला बचत गटांकडून शिवून घ्यावयाचे, अशी व्यवस्था उभी राहिली. सूत, विणकाम, कापणी, शिवण आणि ठरावीक मापांत पुरवठा हे सर्व टप्पे राज्यातच पार पडण्याचा तो महत्त्वाचा अनुभव होय. गणवेश हा दिमाखदार कपडा नव्हे. परंतु जपानच्या ओकायामा प्रांतातील कोजिमा गावाचा इतिहास येथे पाहण्यासारखा आहे. कोजिमा हे शालेय गणवेश शिवणारे गाव होते. कृत्रिम धाग्यांच्या गणवेशांनी सुती गणवेशांची बाजारपेठ हिरावल्यावर तेथील शिलाई कारखाने १९६५ च्या सुमारास जीन्सकडे वळले. प्रारंभी कापड अमेरिकेतून आणावे लागले. १९७३ पासून जपानी गिरणीचे डेनिम मिळू लागले. पुढे तेथील कारागिरांनी संथ गतीच्या, कमी पन्ह्याच्या धोट्याच्या मागांवर विणलेल्या डेनिमला मान मिळवून दिला. आज कामकरी पोशाखाचे चोखंदळ ग्राहक जगभरातून त्या गावात येतात.

कोजिमाकडे जाड शिवण शिवणारी यंत्रे होती आणि ती चालविणारे हात होते. छत्तीसगढच्या बचत गटांकडे सरळ शिवणीचा अनुभव आहे, अस्तर, कॉलर आणि काजांचा नाही. हे कौशल्य गावोगावच्या दर्जींकडे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे आणि तीत प्रशिक्षणाबरोबर दोन टप्प्यांत मिळून तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. दर्जी, बचत गट आणि विणकर संस्था यांना एका छताखाली आणणारे कापणी केंद्र दुर्ग-भिलाई परिसरात उभे राहू शकते. कोशाचे ठाण चांपाहून त्याच लोहमार्गाने येईल.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा लागेल. गणवेशाच्या व्यवस्थेत ग्राहक एकच असतो, तो म्हणजे शासन. मागणी घटली किंवा देयक लांबले की माग थांबतात. लोहमार्गाच्या याच पट्ट्यातील नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. राजनांदगावची कापड गिरणी, जेथे १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामगारांचा गाजलेला संप झाला, तीही आता उरलेली नाही. म्हणून कापणी केंद्राचा पहिला ग्राहक शासन नसावा. ज्या शहरात हजारो कामगारांना दरवर्षी कामाचे कपडे लागतात, तेथे पहिली मागणी भट्टीपासून दूर असलेल्या कार्यशाळांतील आणि कार्यालयांतील सुती डगल्यांची असू शकते. भट्टीपुढील ज्वालारोधक पोशाखाला प्रमाणित चाचण्या लागतात, त्यामुळे तो नंतरचा टप्पा. कोशाचे जाकीट हिवाळ्यासाठी, आणि तेही प्रथम पन्नास नगांचे, एकाच हंगामातील एकाच प्रतीच्या सुताचे.