परदेशी स्थलांतर : कुटुंबाचे दप्तर आणि गावची जमीन

प्रवरेकाठच्या कोल्हारसारख्या बागायती गावातून एखादे कुटुंब परदेशी राहावयास निघते, तेव्हा घरातील चर्चा बहुधा व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांभोवतीच फिरते. वस्तुतः तयारीचा अधिक वेळखाऊ भाग ग्रामपंचायत, शाळा, तलाठी कार्यालय आणि सेवा सोसायटी यांच्या दप्तरांत असतो.

यांतील पहिले काम नावे जुळविण्याचे होय. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पारपत्र यांवरील नावांत फरक असल्यास, विशेषतः विवाहित स्त्रीचे माहेरचे व सासरचे नाव वेगवेगळ्या कागदांवर असल्यास, त्याची दुरुस्ती मूळ नोंदीपासून करावी लागते आणि विवाहनोंदणी प्रमाणपत्रही हाताशी ठेवावे लागते. त्यानंतर ‘अपोस्टिल’ येते. म्हणजे 1961च्या हेग करारानुसार एका देशाचा दाखला दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य ठरावा यासाठी दिलेले प्रमाणन. भारतासाठी हा करार 2005 साली लागू झाला असून हे प्रमाणन परराष्ट्र मंत्रालयामार्फत होते. करार लागू नसलेल्या देशांसाठी मात्र त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, 1999 अर्थात ‘फेमा’नुसार, निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयास स्वतःकडे ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि असलेली विकावयाची झाल्यास ती भारतातील निवासी व्यक्तीसच विकावी लागते. म्हणून भावकीतील वाटणी, वारसनोंद, सातबाऱ्यावरील बोजा आणि सोसायटीचे पीककर्ज ही प्रकरणे निघण्यापूर्वीच मिटवावीत. मागे राहणाऱ्या नातेवाइकास कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, देताना शेती कसणे, अनुदान घेणे, कार्यालयात हजर राहणे अशी कामे नेमकी नमूद करावीत आणि विक्रीचा अधिकार सरसकट देऊ नये. नोकरीसाठी जाणाऱ्याने बँकेस कळवून बचत खाते ‘एनआरओ’, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील उत्पन्न जमा होणारे खाते, यात बदलून घ्यावे.

दलालामार्फत नोकरी मिळत असल्यास तो उत्प्रवास अधिनियम, 1983 खाली नोंदणीकृत आहे, याची खात्री शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर करून घ्यावी आणि तोवर पैसे देऊ नयेत. मुलांचे लसीकरणाचे व शाळेचे दाखले मूळ प्रतीत सामानाऐवजी हातातील पिशवीत असावेत, तसेच वृद्ध आईवडिलांच्या औषधोपचाराची जबाबदारी कोणावर, हे स्पष्ट ठरलेले असावे. ही कामे परदेशातून उरकणे खर्चाचे व कटकटीचे ठरते. म्हणून तिकिटाची तारीख कागदपत्रे पूर्ण झाल्यावरच ठरवावी.